येसू सशिणीची एकुलती एक ओळ

एका जंगलात, बाळांनो, कुणीही स्वतःचं काम स्वतः करत नसे. त्याला तिथे प्रगती म्हणत.

कामं मुंगळे करायचे. मोठे गुणी मुंगळे. त्यांना अक्कल नव्हती, पण आळसही नव्हता. असा नोकर मिळाला की मालकाला स्वर्ग दोन बोटं उरतो. लाख मुंगळे लागले की धोंडासुद्धा हलायचा.

त्यांना हुकूम द्यायची रीत अशी होती. पळसाचं रुंद पान घ्यायचं आणि त्यावर नखाने ओळी ओरखडायच्या. पहिली ओळ म्हणजे पहिलं काम, दुसरी ओळ म्हणजे दुसरं. मुंगळे त्या ओरखड्यातून रांगेने चालत जायचे आणि ओळ सांगेल ते करायचे. 'पाणी आणा' असेल तर आणायचे. 'पाणी सांडा' असेल तर सांडायचे. का, कशाला, हा प्रश्न त्यांच्या सात पिढ्यांना पडला नव्हता. शेवटी म्होरक्या मुंगळा येऊन सांगायचा, "पान पूर्ण. फसलेली ओळ एकही नाही."

हे एवढं ऐकलं की सगळे खूश. काम झालं का, हे बघायला कुणी जात नसे. बघायला गेलं तर चालावं लागतं.

राजा वाघ होता. तो जंगलाच्या दुसऱ्या टोकाला जीपवाल्यांकडून फोटो काढून घेत असे. कारभार पानकचेरी बघायची. ही कचेरी एका जांभळाच्या झाडावर होती, आणि तिचे मुख्य होते नानासाहेब शेकरू.

पूर्वी ज्याचं त्याचं पान जो तो लिहायचा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ओढा साफ करायचा असो नाहीतर पाणवठा, निम्म्या ओळी त्याच असतात. मग परत परत नखं कशाला झिजवायची? दुसऱ्याचं लिहिलेलं पान घ्यायचं आणि आपल्या पानाला जोडायचं. युक्ती चांगलीच होती. उगाच नावं ठेवणार नाही मी. पण चांगल्या युक्तीचा एकदा का धर्म झाला की तिची पूजा सुरू होते आणि डोकं देवळाबाहेर काढून ठेवावं लागतं.

तसंच झालं. जो स्वतः ओळ लिहील त्याच्याकडे सगळे असे बघत, जसा तो लग्नाला घरून डबा घेऊन आलाय. नानासाहेबांनी तर कित्येक वर्षांत एक ओरखडा काढला नव्हता. त्यांची नखं वाढून वाढून गोल वळली होती. ती ते सभेत सर्वांना दाखवायचे.

आता एक बारकी गोष्ट सांगते. कान इकडे करा.

पान जोडायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे टाचायचं. पत्रावळीला टोचतात तशी काडी टोचून दुसऱ्याचं पान आपल्या पानाला लावायचं. मुंगळे निघायच्या आधीच दोन्ही पानांचं एक पान व्हायचं. दुसरी तऱ्हा हाकेची. आपल्या पानात नुसतं लिहायचं, 'इथे आलात की अमक्या पानाला हाक मारा.' मुंगळे तिथवर जायचे, मग त्या पानावर जायचे, ते पुरं करून परत यायचे.

दोन्ही एकच, असं सगळी कचेरी समजायची. पण पानाच्या माथ्यावर अट घातली की फरक पडायचा. 'पाऊस असेल तर', 'उन्हाळा असेल तर', अशा अटी असतात ना, त्या. हाकेच्या पानाला मुंगळे ती अट एकदाच बघायचे, उंबऱ्यावर. मग आत गेले की शेवटपर्यंत. टाचलेल्या पानाचं तसं नव्हतं. तिथे माथ्यावरची अट प्रत्येक ओळीला लागू. दर ओळीआधी मुंगळे माथ्यावर चढून बघायचे, अट अजून खरी आहे का. खरी असेल तर ओळ करायची. नसेल तर ओळ सोडायची आणि पुढे चालू लागायचं.

हे जंगलात फक्त म्हाताऱ्या घोरपडीला ठाऊक होतं. निम्म्या जंगलाची पानं तिनेच लिहिलेली. ती मेली तेव्हा कचेरीने तिची शोकसभा घेतली. तीही तिनेच लिहिलेल्या 'शोकसभा' या पानावरून.

येसू सशीण ही कचेरीतली पहिली जमिनीवरची. बाकी सगळे फांदीवरचे. येसूला झाडावर चढता येत नसे, म्हणून ती बुंध्याशी बसायची. वरून हुकूम यायचे. कधी कधी जांभळाच्या बियाही यायच्या, थुंकलेल्या. पण येसूला कचेरीचा फार अभिमान. तिची तीन पिल्लं होती. त्यांना ती सांगायची, तुमची आई गवत खाते पण झाडाखाली बसून खाते.

टेकडीच्या पोटात एक गुहा होती. ते पिल्लूघर. संध्याकाळी सगळ्या आया आपापली पिल्लं तिथे ठेवून चरायला जायच्या. ससे, तितर, भेकरं, सगळ्यांची पिल्लं एकत्र. येसूचीही तिघं तिथेच. मुंगळ्यांनी रोज संध्याकाळी दार बंद करायचं, आणि त्याचं पान लिहायचं काम आलं येसूकडे.

तिने आधी स्वतःच लिहिलं. धोंडा दारावर लोटा. धोंड्याखाली पाचर मारा. फटी चिखलाने लिंपा. साळिंदराला दारापुढे बसवा. वाकड्यातिकड्या चार ओळी, पण दार असं बसायचं की मुंगीलाही वाट सापडू नये.

ते पान वर गेलं आणि वर हशा पिकला.

"हे तुम्ही लिहिलंत?" नानासाहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"बसून?"

शेजारच्या फांदीवर गणोजी वानर होता. तो कचेरीत नेमकं काय करायचा ते कुणालाच माहीत नव्हतं, पण हसायला कायम हजर असायचा. तो म्हणाला, "साहेब, बाई घरून चटणीपण कुटून आणतात वाटतं."

नानासाहेबांनी तिला समजावलं. रागावले नाहीत. मोठी माणसं रागावत नाहीत, ती समजावतात, आणि ते जास्त झोंबतं. घोरपडीचं 'दार बंद' हे पान कचेरीत आहे, सगळं जंगल तेच वापरतं, त्यातही याच चार ओळी आहेत, फक्त सरळ अक्षरात. तेच टाचा. डोकं चालवायची ही जागा नव्हे, असं ते अगदी मायेने म्हणाले.

येसूने आपलं पान खाऊन टाकलं. सशीणच ती. घोरपडीचं पान आणलं, काडी टोचली. ते पान तिने वाचलं का? नाही. आपल्याच चार ओळी आहेत म्हटल्यावर कोण वाचतो?

पण तिच्या मनात एक आलं. पावसापाण्याच्या दिवशी आया चरायला न जाता पिल्लांपाशी घरीच राहतात. तेव्हा पिल्लूघराचं दार आधीच बंद असतं. मग मुंगळ्यांनी बंद दारावर उगाच चिखल कशाला थापायचा? म्हणून टाचलेल्या पानाच्या माथ्यावर तिने स्वतःच्या नखाने एक बारीकशी ओळ ओरखडली. 'दार उघडं असेल तर.'

तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. न जाणो, परत चटणी निघायची.

त्या संध्याकाळी मुंगळे निघाले. माथ्यावर गेले. दार उघडं आहे? आहे. पहिली ओळ. लाख मुंगळ्यांनी धोंडा दारावर लोटला. परत माथ्यावर. दार उघडं आहे? नाही. आत्ताच तर बंद केलं. मग पाचरीची ओळ सोडली. दार उघडं आहे? नाही. चिखल सोडला. साळिंदरही सोडलं. म्होरक्या वर गेला आणि म्हणाला, "पान पूर्ण. फसलेली ओळ एकही नाही."

आणि तो खोटं बोलत नव्हता, बाळांनो. सोडलेली ओळ फसत नाही. परीक्षेला न बसलेलं पोर नापास होत नाही, तसंच.

नानासाहेबांनी येसूला एक आख्खं जांभूळ टाकलं. सभेत सांगितलं, बघा, पान किती छोटं, सगळं उसनं, आणि एक तक्रार नाही. लगेच सगळ्या पानकारांनी येसूचं पान अटीसकट टाचून नेलं. कुणी धान्याच्या कोठीला लावलं, कुणी मधाच्या पोळ्याला. शेजारच्या जंगलातूनही मागणी आली. बुंध्याशी बसलेली येसू इतकी फुगली की कुणाला लांबून साळिंदर वाटावी.

खरं साळिंदर घरी बसलं होतं. त्याला रोज संध्याकाळी मुंगळे बोलवायला यायचे, ते यायचे बंद झाले. त्याला वाटलं, आपल्याला कामावरून काढलं. ते कुणाला काही बोललं नाही. काढलेल्यांनी आधी चौकशी करायची असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता कोल्हा. कोल्हा फार चतुर असतो असं तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल. हा नव्हता. हा एका रात्री पाठ खाजवायला धोंड्याला टेकला, आणि धोंडा घरंगळला.

गोदी तितरीचं एक पिल्लू त्याने नेलं. येसूच्या धाकट्याला कानाला धरलं होतं, पण ते ओरडलं तसा बाहेरच्या आयांचा गलका झाला आणि कोल्हा पळाला. पोर वाचलं. कान कोल्ह्याबरोबर गेला.

सकाळी येसू पोराला चाटत बसली होती. कान नव्हता तिथे ती परत परत चाटायची. मग उठली आणि पिल्लूघराकडे गेली. धोंडा बाजूला पडला होता. पाचर कोनाड्यात जशीच्या तशी. चिखलाचा खड्डा वाळून भेगाळलेला. तिने म्होरक्या मुंगळ्याला बोलावून भर दुपारी पान चालवायला लावलं आणि स्वतः समोर बसली.

मुंगळे माथ्यावर गेले, खाली आले, धोंडा लोटला, माथ्यावर गेले, खाली आले, माथ्यावर गेले, खाली आले. संपलं.

"पाचर का नाही मारली?" येसूने विचारलं.

"अट बघितली. दार उघडं नव्हतं."

"अरे पण धोंडा नुसता टेकलाय. कुणीही ढकलेल."

"उघडं नव्हतं."

"आणि हे तुम्ही रोज करताय?"

"रोज. पान तसंच आहे."

"मला सांगायचं नाही का?"

म्होरक्याने जरा विचार केला. म्हणजे विचार केल्यासारखा थांबला. "सांगायची ओळ नव्हती," तो म्हणाला.

येसू पानाकडे बघत राहिली. घोरपडीच्या चार ओळी सरळ, खोल, चोख. वर तिची स्वतःची ती एक बारीक ओळ. सगळं पान दुसऱ्याचं, आणि चूक तेवढी तिची.

ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळी आया परत पिल्लं घेऊन येणार. दुसरी जागाच नाही त्यांना. कोल्हाही येणार, त्याला आता वाट ठाऊक झाली. येसू कचेरीकडे जी सुटली ती बुंध्यावर आपटूनच थांबली.

वर चौकशी चालू होती. चौकशीचं पान अर्थातच नवं लिहिलेलं नव्हतं. मागच्या चौकशीचं होतं तेच टाचलं होतं आणि येसूचा कित्ता गिरवून वर अट घातली होती, 'दोषी सापडला नसेल तर.' पहिली ओळ होती, दोषी ठरवा. मग साक्षी घ्या, मग पुरावा बघा, मग दुरुस्ती करा. मुंगळ्यांनी पहिली ओळ केली. गणोजी वानर म्हणाला, पान घोरपडीचं, म्हणजे दोष घोरपडीचा. सर्वांनी माना डोलावल्या, कारण घोरपड मेलेली होती आणि मेलेल्याला राग येत नाही. मुंगळे माथ्यावर गेले. दोषी सापडला नाही का? सापडला. साक्षी सोडल्या, पुरावा सोडला, दुरुस्ती सोडली. फसलेली ओळ एकही नाही.

खाली गवतात गोदी तितरी उरलेली पिल्लं पंखाखाली घेऊन बसली होती. तिने एवढंच विचारलं की मग आज पिल्लं कुठे ठेवू. नानासाहेब म्हणाले, पिल्लूघरातच, आणखी कुठे, दोषी सापडला ना आता.

तेव्हा येसू बोलली. म्हणाली, घोरपडीचं पान चोख आहे. चूक वरच्या अटीची आहे. "ती ओळ माझी आहे. मी लिहिली."

झाडावर कुणाच्या तोंडातलं जांभूळ खाली पडलं.

"कुठून घेतलीत?" नानासाहेबांनी विचारलं.

"कुठून नाही, साहेब."

"म्हणजे कुणाच्या तरी पानावरून असेल."

"नाही. माझ्या डोक्यातून."

गणोजीने, पहिल्यांदाच, हसायचं टाळलं. आजूबाजूच्या आयांनी आपापली पोरं येसूपासून जरा लांब ओढली. नानासाहेबांचा चेहरा असा झाला की जणू घरातल्याच कुणीतरी दगा दिलाय.

येसूने सांगितलं, माझं काय करायचं ते करा. पण सूर्य बुडायच्या आत काडी उपसून टाका आणि तिथे हाक लिहा. म्हणजे अट एकदाच बघितली जाईल आणि चारही ओळी होतील. चार ओरखड्यांचं काम आहे.

नानासाहेबांनी आपल्या गोल वळलेल्या नखांकडे बघितलं. मग कोठीच्या, पोळ्याच्या, पाणवठ्याच्या पानांच्या ढिगाकडे बघितलं. त्या प्रत्येकावर तीच अट टाचलेली होती. ही बाई खरी ठरली तर तो सगळा ढीग उपसावा लागणार, आणि ज्याने भर सभेत जांभूळ टाकलं त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हे सगळं त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले, चालत्या पानाला हात लावायचा नाही, हा कचेरीचा नियम आहे. शिवाय ती ओळ आता इतक्या जणांनी नेलीय की ती येसूची राहिलीच नाही. इतक्यांनी नेलेली ओळ चुकीची कशी असेल?

येसूला मात्र शिक्षा झाली. पिल्लू गेलं त्याबद्दल नाही, त्याचा दोषी सापडला होता. कचेरीत बसून स्वतःच्या डोक्याने ओळ लिहिल्याबद्दल. तिचं पानकारपण काढून घेतलं. पानाला तिने नख लावू नये म्हणून गणोजीला पानापाशी बसवलं. म्हणजे गणोजीलाही अखेर काम लागलं.

संध्याकाळ झाली. आया पिल्लं घेऊन आल्या. येसू दारात उभी राहून एकेकीला सांगत होती, ठेवू नका, धोंडा नुसता टेकणार आहे. भेकरीण म्हणाली, तू म्हणे स्वतः लिहितेस, तुझं काय खरं धरायचं? गोदी तितरी थांबली. मग म्हणाली, "मग सांग ना, येसूबाई, कुठे नेऊ?" येसूच्या स्वतःच्या तिघांनाही दुसरी जागा नव्हती. गोदीने पिल्लं आत सोडली आणि मान खाली घालून चरायला गेली.

मुंगळे आले. धोंडा लोटला. माथ्यावर, खाली, माथ्यावर, खाली. पान पूर्ण. गेले.

झुडपामागे कोल्हा बसला होता. त्याला घाई नव्हती.

येसूने इकडे तिकडे बघितलं. मग कोनाड्यातली पाचर ओढली, धोंड्याखाली घातली आणि मागच्या पायांनी लाथा मारमारून ठोकली. खड्ड्यात पाणी ओतून चिखल मळला. फटी लिंपल्या. साळिंदराच्या घरी जाऊन त्याला सांगितलं की तुला कुणी काढलेलं नाही, ऊठ. ते उठलं, येऊन दारापुढे बसलं आणि काटे पसरले. जंगलात कित्येक वर्षांनी कुणीतरी स्वतःचं काम स्वतः करत होतं, आणि ते इतकं लाजिरवाणं होतं की येसू ते सगळं चोरून करत होती.

कोल्हा आला, हुंगलं, काट्यांकडे बघितलं, निघून गेला.

सकाळी सगळी पिल्लं जागच्या जागी. नानासाहेबांनी ती सर्वांना दाखवली. म्हणाले, बघा, पान तेच, अट तीच, ओळ तीच, आणि एक पिसूही आत गेली नाही. म्हणजे त्या बाईचं बोलणं किती खोटं होतं. सर्वांना पटलं. पटण्यासारखंच होतं.

येसू खाली गवतात उभी राहून ऐकत होती. तिच्या पायांना अजून चिखल होता. खरं सांगावं तर कुणी ऐकणार नाही. पाचर मारायचं सोडावं, म्हणजे तरी पटेल, तर आत तिचीच तीन. आणि गोदीची.

त्या संध्याकाळी ती परत गेली. दुसऱ्या दिवशीही.

पुढे नानासाहेबांना त्या पानाबद्दल राजाकडून मान मिळाला. वाघ स्वतः आला नाही, पण फोटो पाठवला. पानाची कीर्ती एवढी पसरली की शेकरूंनीही आपली पिल्लं झाडावरच्या घरट्यातून काढून पिल्लूघरात ठेवायला सुरुवात केली, कारण तिथली व्यवस्था आपोआप चालते असं म्हणत.

येसूची पिल्लं मोठी झाली, आपापल्या गवतात गेली. त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी ती धोंड्यापुढे बराच वेळ बसून राहिली. आत आता तिचं कुणी नव्हतं. नानासाहेबांची नातवंडं होती, गणोजीची होती, गोदीच्या नव्या पिल्लांची चिवचिव होती. मुंगळे आपलं काम करून गेले होते. पान पूर्ण झालं होतं.

येसू उठली आणि तिने पाचर मारली. पण त्या दिवसापासून ती मारताना शिव्या देते. लाथ एक, शिवी एक. पिल्लूघरातल्या पोरांना वाटतं, दार लागताना असाच आवाज येतो.

तात्पर्य: बाळांनो, स्वतःच्या डोक्याने एक ओळसुद्धा लिहू नका, दुसऱ्याचं पान न वाचता खुशाल टाचा. ते चालावं म्हणून बाहेर कुणीतरी पाचर ठोकत असतं. तिचं नाव विचारायची ओळ कुठल्याच पानात नसते.